लहान ट्रॅक्टर आणि गवत कापणी यंत्र : बागायतदाराने निवड कशी करावी?

कोकणातील आंबा-काजूच्या बागांत पावसाळा सरता सरता माणसाच्या कमरेएवढे गवत माजते. दिवाळीनंतर हेच गवत वाळते आणि पौष-माघात कोठून तरी आलेली एक ठिणगी दहा-बारा वर्षे जोपासलेली बाग एका दुपारी होरपळून टाकते. वणव्याने बागा जळाल्याचे वृत्त कोकणात दरवर्षी ऐकू येते. गवत वेळेवर कापले गेले असते तर आग बागेच्या कडेलाच अडली असती, हे प्रत्येक बागायतदार जाणतो. परंतु ऐन हंगामात भातकापणी आणि गवतकापणी एकाच वेळी येतात, विळा चालविणारे हात मिळत नाहीत, आणि मग लहान ट्रॅक्टर व त्यामागे जोडावयाचे गवत कापणी यंत्र घेण्याचा विचार मनात येतो.

हा विचार योग्य आहे. मात्र त्याची सुरुवात बहुधा चुकीच्या टोकापासून होते. प्रथम ट्रॅक्टर पसंत केला जातो, तोही शेजाऱ्याने घेतला म्हणून किंवा विक्रेत्याने हप्ता सोपा करून दिला म्हणून. आणि मागाहून त्याला जोडता येईल असे यंत्र शोधले जाते. वस्तुतः क्रम उलटा असावयास हवा. कापलेल्या गवताचे पुढे काय करावयाचे आहे, हा पहिला प्रश्न. त्याच्या उत्तरावर कापणी यंत्राचा प्रकार ठरतो, यंत्राच्या प्रकारावर व रुंदीवर लागणारी शक्ती ठरते, आणि त्या शक्तीस अनुसरून ट्रॅक्टर निवडावा लागतो.

गवत वैरणीसाठी की आच्छादनासाठी?

गवत जनावरांस घालावयाचे असेल तर ते बुंध्याशी एकदाच, स्वच्छ कापले गेले पाहिजे. ते आडवे पडून राहिले पाहिजे, म्हणजे उन्हात वाळवून, गोळा करून त्याचे भारे बांधता येतात. हे काम कटर-बार यंत्रच नीट करते. या यंत्रात जमिनीलगत एक लांब पट्टी असते. तिच्यावर बोटांसारखे स्थिर दाते असतात आणि त्यांच्यामधून त्रिकोणी पाती कात्रीप्रमाणे इकडून तिकडे सरकतात. याला शक्ती फारच थोडी लागते; रुंदीच्या प्रत्येक मीटरमागे दोन अश्वशक्तीदेखील पुरेशी होते. परंतु कात्रीपुढे दगड आला की कात्रीचेच नुकसान होते. जांभ्याचे दगड विखुरलेल्या रानात हे यंत्र घेऊन जाणे म्हणजे दर दिवशी पाती बदलण्याची तयारी ठेवणे होय. सपाट, वेचून साफ केलेल्या कुरणासाठी मात्र त्याला तोड नाही.

वैरणीच्या गवताबाबत वेळेचे महत्त्व यंत्राहूनही अधिक आहे. मारवेल, पवना यांसारखी गवते फुलोऱ्यावर असताना कापल्यास वैरण सकस मिळते. कुसळी गवत तर कुसळे धरण्यापूर्वीच कापले पाहिजे. नंतर ते जनावरांच्या तोंडाला टोचते आणि जनावरे ते नाकारतात. यंत्र दारात उभे आहे म्हणून कापणी लांबणीवर टाकणारा शेतकरी विळ्याने वेळेवर कापणाऱ्यापेक्षा निकृष्ट वैरण साठवतो.

गवत बागेतच कुजू द्यावयाचे असेल तर गोष्ट निराळी. कोकणात पावसाळ्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. अशा ठिकाणी उताराच्या बागेत नांगरट किंवा रोटाव्हेटर चालवून तण काढणे म्हणजे वरची सुपीक माती समुद्राला पोहोचती करणे होय. गवताची मुळे माती धरून ठेवतात; म्हणून ती जमिनीत राहू द्यावीत आणि वरचा भाग कापून झाडांखाली पसरावा, हे हितावह आहे. यासाठी स्लॅशर किंवा फ्लेल मोअर, ज्याला पुष्कळ ठिकाणी मल्चर असेही म्हणतात, यांपैकी एक यंत्र लागते.

स्लॅशरमध्ये एका उभ्या दांड्याला आडवी पाती असतात व ती पंख्याप्रमाणे फिरतात. रचना साधी, किंमत कमी, दुरुस्ती गावातल्या लोहारालाही जमण्यासारखी. दाट गवत आणि बोटाएवढी झुडपे ते सहज कापते. दोष असा की, कापलेले गवत एका बाजूस ओळीने साचते, त्याचे तुकडे मोठे राहतात, आणि पात्याखाली आलेला दगड गोळीसारखा उडतो. फ्लेल यंत्रात आडव्या रुळावर अनेक लहान पाती बिजागरीने लटकविलेली असतात. रूळ वेगाने फिरला की ती ताठ उभी राहतात; दगडावर आदळली की मागे वळतात. गवताचा बारीक भुगा होऊन तो सर्वत्र सारखा पसरतो, आणि दगडही आवरणाखालीच बहुतांशी अडतात. द्राक्षबागेत एप्रिलच्या खरड छाटणीनंतर व ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर ओळींमध्ये पडलेल्या काड्यांचा चुरा करण्यास हेच यंत्र उपयोगी पडते. मात्र ते जड असते, महाग असते आणि शक्ती भरपूर मागते.

स्लॅशर किंवा फ्लेल यंत्राने कापलेले गवत वैरण म्हणून वापरू नये. तुकडे मातीत मिसळतात, गोळा करता येत नाहीत आणि साठविल्यास बुरशी धरतात. एकच यंत्र बागही साफ करील आणि गोठ्यालाही पुरवील, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

शक्तीचा हिशेब

ट्रॅक्टरच्या पत्रकावर जी अश्वशक्ती मोठ्या अक्षरांत छापलेली असते ती इंजिनाची असते. कापणी यंत्र चालते ते ट्रॅक्टरच्या मागील बाजूस फिरणाऱ्या दांड्यावर, ज्याला सर्वत्र पीटीओ म्हणतात. तेथपर्यंत पोहोचेतो शक्तीचा दहा ते पंधरा टक्के भाग गिअर व अन्य भागांत खर्ची पडतो. म्हणजे १८ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवर पीटीओपाशी सुमारे साडेपंधरा, आणि २४ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवर सुमारे एकवीस अश्वशक्ती मिळते. यातून ट्रॅक्टरला स्वतः चालण्यासाठी, विशेषतः चढावर, तीन-चार अश्वशक्ती वेगळी काढून ठेवावी लागते.

दाट गवतात फ्लेल यंत्राला रुंदीच्या दर मीटरमागे बारा ते चौदा अश्वशक्ती लागते, असे धरून चालावे. यावरून उघड होते की, १८ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दाट गवतात एक मीटरहून कमी रुंदीचेच फ्लेल यंत्र नीट ओढू शकेल. १२० सेंटिमीटरचे यंत्र त्याला जोडल्यास इंजिन गुदमरेल, चालक वेग कमी करील आणि काम रेंगाळेल. २४ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर मात्र १२० सेंटिमीटरचे यंत्र समाधानकारकपणे चालवितो. नाशिक-सांगलीकडील सपाट द्राक्षबागेत, जेथे गवत विरळ असते व वर्षातून अनेकदा कापले जाते, तेथे १८ अश्वशक्ती पुरते. कोकणातील उताराच्या बागेत, वर्षातून दोन-तीनदाच कापल्या जाणाऱ्या उंच गवतासाठी, २४ अश्वशक्तीच्या आसपासचा आणि चारही चाकांना गती असलेला ट्रॅक्टर घेणे इष्ट. ओल्या जांभ्याच्या मातीवर दोन चाकांचा ट्रॅक्टर घसरतो. आणि उतरताना पुढील चाकांनाही इंजिनाचा रोध मिळतो, हा चारचाकी गतीचा लाभ चढण्याच्या सोयीइतकाच मोलाचा आहे.

विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्याचे कारण नाही. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था ट्रॅक्टरांची रीतसर चाचणी घेते. तिच्या अहवालात पीटीओवर प्रत्यक्ष मिळालेली शक्ती, इंधनाचा खर्च, उचलण्याची क्षमता आणि वळण्याची त्रिज्या हे सर्व नोंदलेले असते. विक्रेत्याकडून हा अहवाल मागून घ्यावा व गावपातळीवरील कृषी कार्यकर्त्याकडून त्यातील आकडे समजावून घ्यावेत. कार्यकर्त्यांनीही हे काम आपले मानावे. पत्रकातील रंगीत चित्रापेक्षा अहवालाचे एक पान शेतकऱ्याच्या अधिक उपयोगी पडते.

रुंदी, वजन आणि वळण

ट्रॅक्टर बागेत शिरला पाहिजे, ही अट इतकी साधी आहे की ती पुष्कळदा विसरली जाते. द्राक्षाच्या दोन ओळींत सामान्यतः नऊ फूट, म्हणजे पावणेतीन मीटर अंतर असते. परंतु वेलीचा विस्तार व तारांचे ताण वजा जाता मोकळी वाट त्याहून बरीच कमी उरते. डाळिंबात साडेचार मीटरवर ओळी असल्या तरी फांद्या खाली झुकतात. आंब्याच्या जुन्या, दहा मीटर अंतराच्या बागेत रुंदीची अडचण नाही, तेथे अडचण उंचीची असते. झुकलेल्या फांदीखाली जाताना चालकाच्या डोक्यावरील संरक्षक कमान अडकते. अशा बागेसाठी दुमडता येणारी कमान असलेला ट्रॅक्टर पाहावा, पण कमान काढून टाकू नये. कोकणात आणखी एक गोष्ट मोजावी ती गडग्यातल्या बेड्याची रुंदी. ट्रॅक्टर आणून उभा केल्यावर गडगा फोडावा लागला अशी उदाहरणे ऐकिवात आहेत.

कापणी यंत्राची रुंदी ट्रॅक्टरच्या मागील चाकांच्या बाहेरील कडांपर्यंत तरी पोहोचलीच पाहिजे. ती कमी असल्यास चाकाखाली दबलेले गवत न कापताच राहते व दोन दिवसांनी पुन्हा उभे राहते. झाडांच्या छत्राखाली शिरावयाचे असेल तर एका बाजूस सरकविता येणारे यंत्र घ्यावे. त्यामुळे ट्रॅक्टर फांद्यांच्या बाहेर राहून यंत्र बुंध्याच्या जवळ जाते. जवळ म्हणजे अगदी बुंध्याला लागून नव्हे. बुंध्याभोवतीचे हातभर वर्तुळ विळ्यानेच कापावे. सालीला झालेली जखम खोडकिड्याला अंडी घालण्यास आयती जागा देते, आणि एका जखमेची किंमत यंत्राने वाचविलेल्या मजुरीपेक्षा जास्त होते.

वजनाचाही विचार करावा. लहान ट्रॅक्टरच्या मागे दोनशे किलोहून अधिक वजनाचे यंत्र उचलले की पुढील चाके हलकी होतात आणि सुकाणू हातात असूनही ट्रॅक्टर वळत नाही. यंत्र उचललेल्या स्थितीत पुढील आसावर ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा राहिला पाहिजे. न राहिल्यास पुढे वजने लावावीत. खरेदीपूर्वी यंत्र जोडून, उचलून, चढावर चालवून दाखविण्याची मागणी विक्रेत्याकडे निःसंकोचपणे करावी.

येथे एका तांत्रिक गोष्टीचा उल्लेख करणे अगत्याचे आहे, कारण तिच्याकडे जवळपास कोणीच लक्ष देत नाही. पुष्कळशा लहान ट्रॅक्टरांत एकेरी क्लच असतो. क्लच दाबला की चाके आणि पीटीओ या दोहोंचा इंजिनाशी संबंध तुटतो. परंतु स्लॅशरची जड पाती जोराने फिरत असतात, ती एकदम थांबत नाहीत. त्यांची गती उलट गिअरपेटीत शिरून चाकांना मिळते आणि क्लच दाबलेला असूनही ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. बांधाच्या कडेशी थांबू पाहणाऱ्या चालकाला याचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको. अशा ट्रॅक्टरवर स्लॅशर जोडताना पीटीओ व यंत्र यांच्यामध्ये ओव्हर-रनिंग क्लच नावाचा जोड बसविलाच पाहिजे. तो शक्ती एकाच दिशेने जाऊ देतो. दुहेरी क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ असलेला ट्रॅक्टर मिळत असेल तर थोडे अधिक पैसे देऊन तो घ्यावा.

घ्यावा की भाड्याने आणावा?

आता खर्चाकडे वळू. यंत्राचे काम किती होते हे काढण्याची रीत सोपी आहे. यंत्राची रुंदी मीटरमध्ये, ट्रॅक्टरचा वेग ताशी किलोमीटरमध्ये, यांचा गुणाकार करून दहाने भागावे, म्हणजे ताशी हेक्टर मिळतात. वळणात व अडथळ्यांत जाणाऱ्या वेळेसाठी त्याचे तीन-चतुर्थांश धरावेत. १२० सेंटिमीटरचे यंत्र ताशी चार किलोमीटर वेगाने चालले तर तासाला ०.३६ हेक्टर, म्हणजे सुमारे नऊ-दशांश एकर होते. पाच एकरांची बाग वर्षातून तीनदा कापली तर पंधरा एकरांचे काम झाले. त्याला सतरा तास लागतील. उतार व झाडांमुळे वीस तास धरू.

हिशेबापुरती ट्रॅक्टर व यंत्र यांची मिळून किंमत ६ लाख रुपये, आयुष्य दहा वर्षे आणि शेवटी येणारे मोल ६० हजार रुपये धरले, तर दर वर्षी घसारा ५४ हजार रुपये होतो. सरासरी भांडवलावर दहा टक्के व्याज धरल्यास ३३ हजार, आणि विमा व निवारा यांचे दोन टक्क्यांनी १२ हजार. एकूण ९९ हजार रुपये हा खर्च ट्रॅक्टर छपरात उभा राहिला तरी होतो. वर्षात वीसच तास काम झाले तर तासाला जवळपास पाच हजार रुपये पडतात, आणि डिझेल व चालक निराळे. तोच ट्रॅक्टर तीनशे तास चालला तर हा बोजा तासाला ३३० रुपयांवर येतो.

म्हणून केवळ गवत कापण्यासाठी पाच एकरांच्या धन्याने ट्रॅक्टर घेऊ नये. फवारणी, खत वाहणे, भाताची चिखलणी, फळे बंदरापर्यंत किंवा बाजारापर्यंत नेणे आणि शेजाऱ्यांची कामे मिळून दोन-तीनशे तास भरत असतील तरच खरेदी पदरात पडते. न भरल्यास दोन मार्ग आहेत. गावातील किंवा जवळच्या अवजार बँकेतून यंत्र तासाच्या दराने आणावे, किंवा चार-पाच बागायतदारांनी मिळून एक संच घ्यावा. दुसऱ्या मार्गात भांडण होते ते कापणीच्या पाळीवरून; म्हणून पाळी, चालक आणि पाती बदलण्याचा खर्च हे तिन्ही आधीच लिहून ठेवावेत. ज्याची बाग दोन एकरांहून लहान किंवा फार चढाची आहे, त्याला खांद्यावरचे पेट्रोलवर चालणारे ब्रश कटर पुरते आणि तेच सुरक्षितही ठरते.

केंद्र सरकारच्या कृषी यांत्रिकीकरण योजनेतून २०१४-१५ पासून ट्रॅक्टर व अवजारांस अनुदान दिले जात आहे. अल्प व अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींतील शेतकऱ्यांस मर्यादेच्या अधीन ५० टक्क्यांपर्यंत, इतरांस ४० टक्क्यांपर्यंत, असे त्याचे प्रमाण योजनेने ठरविले. महाराष्ट्रात महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. पूर्वसंमती हाती येण्यापूर्वी खरेदी केल्यास अनुदान मिळत नाही. ही बाब कार्यकर्त्यांनी सभेत वारंवार सांगावी, कारण हप्त्याच्या लालचीने घाई करून अनुदान गमावलेले शेतकरी नंतर त्यांच्याच दारात येतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराची किंमत कोणी सांगत असेल तर बिलातील कराची ओळ तपासून पाहावी.

चालविताना

पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. तो जेमतेम ३५ मिलिमीटर जाडीचा असला तरी एका सेकंदात जवळजवळ एक मीटर कापड स्वतःभोवती गुंडाळतो. पंचा, धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर त्यात सापडल्यावर माणसाला ओरडण्यासही अवधी मिळत नाही. दांड्यावरील प्लास्टिकचे आवरण तुटल्यास त्याच दिवशी नवे बसवावे. इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालून मगच पात्यांखाली हात घालावा.

स्लॅशरच्या गिअरपेटीत वेग वाढून सुमारे दुप्पट होतो. १२० सेंटिमीटर घेराच्या पात्याचे टोक त्या वेळी ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने जात असते. या वेगाने उडालेला जांभ्याचा तुकडा आवाराबाहेरच्या वाटसरूलाही लागू शकतो. म्हणून कापणीपूर्वी बागेत एक फेरी मारून दगड, तारा व तुटक्या नळ्या वेचाव्यात, आवरणाच्या साखळ्या शाबूत ठेवाव्यात, आणि मुले, गुरे व तमासगीर यांना दूर ठेवावे. मुलांना ट्रॅक्टरवर शेजारी बसवून फिरविण्याची हौस आवरावी.

उतारावर आडवे न चालता वर-खाली चालावे, वळण सपाटीवर घ्यावे. जमीन ओली असता ट्रॅक्टर बागेत घालू नये. चाके घसरतात आणि मुळांवरील माती दबून घट्ट होते. पहिली कापणी जुलै-ऑगस्टच्या उघडिपीत, दुसरी पाऊस थांबताच, आणि गवत पुन्हा वाढल्यास तिसरी डिसेंबरपूर्वी करावी. या शेवटच्या कापणीत बागेच्या कडेने यंत्राच्या तीन-चार पट्ट्यांएवढी रुंद जाळरेषा काढून तेथील कापलेले गवत आत ओढून घ्यावे. कडेस भुगा तसाच पडून राहिला तर आग त्यावरूनही आत येते. वाळलेल्या गवतात काम करताना धुराड्याभोवती व पट्ट्यांजवळ साचलेला भुसा दर तासाला झाडून काढावा आणि ट्रॅक्टरवर पाण्याचा एक डबा बांधून ठेवावा.